हातात नसलेला फोन

गेल्या शनिवारी जुन्या हार्ड डिस्कची साफसफाई काढली होती. त्यात कॉलेजच्या प्रोजेक्टचा फोल्डर सापडला आणि आत अँड्रॉइड एम्युलेटरची भलीमोठी इमेज. डिलीट करता करता थांबलो. म्हटलं, हिच्यावर आधी एक पोस्ट पाडू, मग हिला निरोप देऊ.

एम्युलेटर म्हणजे एका मशीनने घेतलेलं दुसऱ्या मशीनचं सोंग. नुसता फोनचा स्क्रीन दाखवला की झालं, असं नाही. फोनचा प्रोसेसर, मेमरी, बटणं, सिमकार्ड, सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं. आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला वाटत राहायला हवं की आपण खऱ्या फोनवरच चालतोय.

ही कल्पना फोनपेक्षा कितीतरी जुनी. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी ऑल्टेअर नावाच्या छोट्या कंप्युटरसाठी बेसिक ही भाषा लिहायला घेतली. अडचण एवढीच, की ऑल्टेअर दोघांकडेही नव्हता! मग अ‍ॅलनने इंटेलच्या ८०८० प्रोसेसरचं मॅन्युअल समोर ठेवून हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या मशीनवर त्याचं सोंग उभं केलं. बेसिक त्यावर तयार झालं आणि अ‍ॅलन कागदी टेप घेऊन विमानाने अल्बुकर्कला निघाला. विमानात त्याच्या लक्षात आलं, की ही टेप मेमरीत वाचून घेणारा छोटा प्रोग्रॅम आपण लिहिलेलाच नाही. सोंगातल्या मशीनला त्याची गरजच पडली नव्हती. तो त्याने विमानातच लिहिला. खऱ्या ऑल्टेअरने २ आणि २ ची बेरीज ४ सांगितली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्यातला विमानातला भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

आता थेट २००७. गुगलने १२ नोव्हेंबरला अँड्रॉइडचं डेव्हलपर किट सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हा दुकानात एकही अँड्रॉइड फोन नव्हता. होता तो फक्त एम्युलेटर. सोबत एकूण १ कोटी डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धा जाहीर झाली. एप्रिल २००८ पर्यंत पहिल्या फेरीत १,७८८ अ‍ॅप्स आली. पहिला फोन, म्हणजे टी-मोबाइल जी-१, अमेरिकेत विकायला आला ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे लोकांनी शेकडो अ‍ॅप्स अशा फोनसाठी लिहिली, जो त्यांना दुकानात बघायलाही मिळत नव्हता.

आणखी एक गोष्ट. आयफोनसाठी अ‍ॅप लिहायचं तर मॅक विकत घ्यावा लागे. अँड्रॉइडचं किट मात्र विंडोज, लिनक्स, मॅक कशावरही चालायचं. आमच्या गोंदियासारख्या गावात हा फरक फार मोठा. मॅक कोणाकडे असणार? असेंबल केलेला पीसी मात्र ओळखीत कुठे ना कुठे असतोच.

तर हे सोंग आतून चालतं कसं? गोंदियाच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. :-) आमचं स्टेशन जंक्शन. मुंबई-हावडा लाइन ब्रॉड गेज, ५ फूट ६ इंच. जबलपूरकडे जाणारी लाइन मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नॅरो गेज, २ फूट ६ इंच. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जाणार नाही, म्हणून माल पुढे न्यायचा तर पोतं पोतं उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचं.

फोनचा प्रोसेसर आर्म जातीचा, पीसीचा एक्स८६ जातीचा. दोघांच्या आज्ञा वेगळ्या, म्हणजे गेजच वेगळा. अँड्रॉइडचा एम्युलेटर बेतलेला होता क्यूएमू या प्रोग्रॅमवर. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो २००३ मध्ये लोकांसमोर आणला. क्यूएमू म्हणजे आपला हमाल. आर्मच्या आज्ञांचा एक गठ्ठा उचलायचा, एक्स८६ मध्ये बदलायचा, आणि तोच गठ्ठा पुन्हा लागेल म्हणून बदललेला माल जवळ ठेवायचा. हमाल हुशार, पण शेवटी हमालीला वेळ लागतोच. म्हणून सुरुवातीचे एम्युलेटर इतके संथ, की चालू करून जेवून आलं तरी चालेल.

उपाय तोच, जो रेल्वेने केला. गेज एक करा. अँड्रॉइडच एक्स८६ साठी बनवायचं, म्हणजे आज्ञा बदलायचं कामच उरत नाही. मग प्रोसेसरमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीने आतली सिस्टिम जवळपास थेट चालवायची. इंटेलचं हॅक्सम २०१२ च्या सुमारास याचसाठी आलं. जबलपूरकडची उरलेली नॅरो गेज २०१५ मध्ये बंद झाली आणि तिथेही रूळ रुंद झाले. पुढे २०२० मध्ये अ‍ॅपलने आर्म जातीचा एम-१ प्रोसेसर मॅकमध्ये घातला. त्यावर आर्मचं अँड्रॉइड थेट चालतं. गेज पुन्हा जुळला, यावेळी पीसीनेच आपले रूळ बदलले!

असो. आता माझी गोष्ट. साल २०१७, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. काकांची धानाची मिल आहे. काट्यावर येणारे कट्टे, वजन आणि शेतकऱ्याचं नाव नोंदवणारं अ‍ॅप करायचं ठरलं. माझ्या फोनची पिन सैल झाली होती. चार्ज व्हायचा, पण कंप्युटरला दिसायचा नाही. म्हणून मिलच्या ऑफिसातल्या ४ जीबी रॅमच्या पीसीवर एम्युलेटर टाकला. प्रोसेसर इंटेलचा नाही, त्यामुळे हॅक्सम चालणार नाही. परत हमालीच! काका मागे उभे राहून बघायचे. "काहून रे, फोन कंप्युटरात काहून घातला?"

दोन महिने लागले, पण अ‍ॅप झालं. एम्युलेटरवर एकदम मक्खन. दिवाळीनंतर नवीन धान आलं, काकांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकलं आणि मी काट्याजवळ उभा राहिलो.

मिलच्या आवारात नेटची कधी एक दांडी, कधी तीही नाही. प्रत्येक नोंद सर्व्हरकडे जायची आणि उत्तर येईपर्यंत स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहायचं. बाहेर ट्रॅक्टरची लाइन. घाईत मी अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं, आणि एका शेतकऱ्याचे कट्टे नोंदलेच गेले नव्हते. माल तोवर थप्पीत गेलेला. कोणाचे कोणते, कसं सांगणार? तो म्हातारा माणूस काही भांडला नाही. नुसता माझ्याकडे बघत होता. वर्षभराचं पीक होतं त्याचं.

काका म्हणाले, "तो म्हणते १८, त १८." मग मला, "वही आण."

रात्री कागदपत्रं उघडून वाचली. एम्युलेटरचं नेट काही सांगितलं नाही तर पूर्ण वेगाने चालतं, उशीर शून्य. जीपीएस विचारलं तर गोंदियात बसून सांगतो, मी कॅलिफोर्नियात आहे, गुगलच्या ऑफिसपाशी. नेट जीएसएम किंवा एजच्या वेगाने चालवायची सोय त्यात होती, माझ्या कितीतरी आधीपासून. मी ती कधी वापरलीच नाही.

अ‍ॅलन विमानात जे विसरल्याचं आठवून दचकला, तेच हे. एम्युलेटर मशीनचं सोंग हुबेहूब वठवतो, जागेचं नाही. ते आपणच त्याला सांगावं लागतं. ज्याच्या हातात फोन नाही त्याच्यासाठी त्याने दार उघडलं, त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे. माझी आजची नोकरी त्याच दारातून आली. पण दारापलीकडचं आवार आपल्याच पायांनी फिरून बघावं लागतं.

नंतर अ‍ॅप पुन्हा लिहिलं. नोंद आधी फोनमध्येच ठेवायची आणि नेट मिळेल तेव्हा पाठवायची. काका आजही तेच वापरतात. पण शेजारी वही असतेच. मीही आता कुठलंही अ‍ॅप पहिल्यांदा चालवतो ते नेटचा वेग पार खाली आणून. टीममधली मंडळी हसतात. हसू देत.

इमेज? नाही केली डिलीट. राहू दे पडून.