तीन आठवड्यांची खडी

1972 च्या दुष्काळाचा विषय निघाला की आमच्या वयाची माणसं मिलो आणि सुकडीपासून सुरुवात करतात. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना हातातच तुटायची. पण माझ्या डोळ्यांसमोर आधी येतो तो खडीचा ढीग.

आमचं गाव करमाळा तालुक्यातलं. पाऊस 1970 पासूनच ओढ देत होता, बहात्तरला तर पेरलेलं उगवलंच नाही. विहिरीचा तळ दिसला. आबांनी बैलजोडी येईल त्या भावात विकली आणि घरची सगळी माणसं दुष्काळी कामावर गेली. आम्हीच नाही, 1973 च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. कुठं पाझर तलाव, कुठं नालाबंडिंग. आमच्या वाट्याला रस्त्याची खडी आली.

मी तेव्हा सहावीत होतो. शाळा नावालाच होती. आई-आबा दगड फोडायचे, मी पाटीनं खडी ढिगावर टाकायचो. मजुरी मापावर होती. आठवड्याला ढीग मोजायचे, जेवढं माप भरेल तेवढा पैसा. कुणब्याचा हात नांगराला सरावलेला, हातोड्याला नाही. पहिल्या आठवड्यात आईच्या तळहाताची साल निघाली.

आमच्या शेजारी एका वडार बाईचा ढीग होता. आम्ही तिला मावशी म्हणायचो. खरं सांगायचं तर तिला आम्ही आधीपासून ओळखत होतो. 'जात्याला टाकी लावायची का' म्हणत ती वर्षातून एकदा गावात यायची. आमची आज्जी तिला ओसरीची पायरी चढू द्यायची नाही. भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायची. त्या वेळी त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

खडीवर मात्र सगळं उलटं झालं. तिथं शिकवणारी ती आणि शिकणारे आम्ही. "बाय, नुसतं बदडू नगं. दगडाला शिर असती, ती बघून हाण," असं तिनं आईला दाखवलं. तिचा एक घाव आणि आमचे पाच, असा हिशेब होता.

मार्च संपता संपता आबांच्या डोळ्यात कपची उडाली. रक्त थांबेना. चुलत्यांनी त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेलं. मागं राहिलो आई, मी, आज्जी आणि दीड वर्षाची बहीण. दवाखान्याला पैसा पाठवायचा आणि घरीही चूल पेटवायची. फोडणारे हात मात्र दोनच. शनिवारी माप होतं आणि शुक्रवारी सांजच्याला आमचा ढीग निम्मासुद्धा नव्हता. आई ढिगाकडं बघत नुसती बसून राहिली.

मुकादम गेल्यावर मावशी उठली. आपल्या ढिगातली खडी पाटीत भरली आणि आमच्या ढिगावर ओतली. मग दुसरी, मग तिसरी. आई म्हणाली, "असं करू नगा. तुमचीबी चार लेकरं हायती."

ती थांबली नाही. म्हणाली, "दगूड काय माझ्या बापाचा हाय व्हय? हात माझा हाय. त्यो उद्याबी हाय."

असं तिनं तीन आठवडे केलं. आमचं माप भरत गेलं, तिचं तेवढं कमी होत गेलं. तिच्या घरात त्या तीन आठवड्यांत कोण अर्धपोटी निजलं, ते आम्ही विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

आबा परत आले. एक डोळा गेला, पण माणूस वाचला. 1973 चा पाऊस चांगला झाला. कामं बंद पडली, पालं उठली. मावशी कुठं गेली ते कळलं नाही. ती पुन्हा आमच्या गावात आली नाही.

पुढं दिवाळीच्या आधी दुसऱ्याच दोन वडार बाया टाकी लावायला आल्या. आईनं त्यांना ओसरीवर बसवलं आणि घरच्या कपात चहा दिला. आज्जी पुटपुटली. आई तिला उलट बोलल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलली, "त्यांच्या पाटीतलं तीन आठवडे खाल्लं, तवा कुठं इटाळ झाला?" आज्जी गप्प झाली. तेव्हापासून दर सुगीला एक पायली ज्वारी दगडाचं काम करणाऱ्यासाठी बाजूला निघते. आई गेली, आता माझी बायको काढते.

1977 ला मी दहावी झालो. रोजगार हमीचा कायदाही त्याच सालचा. मागेल त्याला काम, हे सरकारनं कायद्यात लिहिलं आणि ते मोठंच काम झालं. दुष्काळानं शिकवलेली ती गोष्ट पुस्तकात आली. मावशीनं केलं ते कुठल्या पुस्तकात येणार? हजेरीपटावर तर उलटंच लिहिलं असणार. त्या तीन आठवड्यांत आमच्या आईनं जास्त काम केलं आणि तिनं कमी.

त्या रस्त्यावर आता डांबर आहे. ऊस भरलेले ट्रॅक्टर जातात. खाली खडी तीच आहे. कागदावर ती आमच्या नावावर असली तरी त्यातली बरीच आमची नव्हती. तेवढी दुरुस्ती करावी, म्हणून हे लिहिलं.