उतारवयात हाडे आणि स्नायू: ताकदीचा व्यायाम का आणि कसा?

आमच्या घरांमध्ये वडीलधाऱ्यांची खिदमत करण्याची एक ठरलेली रीत आहे. अम्मी साठीच्या झाल्या की पाण्याची बादली कुणी त्यांच्या हातात देत नाही. अब्बा बाजारातून आले की नातू धावत जाऊन पिशवी काढून घेतो. "तुम्ही बसा, आम्ही करतो" हे वाक्य घराघरांत ऐकू येते. नियत नेक असते, यात शंका नाही. पण शरीराचा हिशेब वेगळा आहे. ज्या स्नायूला काम मिळत नाही तो सुकतो आणि ज्या हाडावर भार पडत नाही ते विरळ होत जाते. म्हणून उतारवयात ताकदीचा व्यायाम का हवा आणि तो घरच्या घरी कसा करता येतो, हे आपण इथे सविस्तर पाहू.

वयानुसार नेमके काय होते?

हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. जुने हाड झिजवून नवे भरण्याचे काम शरीरात कायम चालू असते. साधारण तिशीपर्यंत हाडांची जमा सर्वात जास्त होते. पुढे काही वर्षे ती टिकते आणि मग जमेपेक्षा खर्च वाढतो. बायकांमध्ये मासिक पाळी बंद होण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि त्यानंतरची पाच-सात वर्षे हाडे झपाट्याने झिजतात. पुरुषांची झीज उशिरा आणि हळू होते, पण होतेच. डेक्सा नावाच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात.

स्नायूंचेही तसेच. तिशीनंतर दर दहा वर्षांत अंदाजे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या स्थितीला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिले.

धोका या दोन्हींच्या जोडीचा आहे. पाय कमजोर झाले की माणूस पडतो आणि हाड ठिसूळ असले की ते मोडते. मनगट, मणका आणि खुबा ही नेहमीची ठिकाणे. खुबा मोडला की ऑपरेशन, अंथरूण आणि दुसऱ्याच्या आधाराने संडासला जाणे, हे सगळे मागोमाग येते. कित्येक वृद्ध त्यानंतर पूर्वीसारखे चालत नाहीत.

घरी करायच्या दोन चाचण्या

आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये दिलेली मापे सोपी आहेत.

१. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठा-बसा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली असावी.

२. शिंप्याची पट्टी घेऊन पोटरीचा सर्वात जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल, तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी.

हे निदान नव्हे, फक्त इशारा आहे. सजद्यातून किंवा दस्तरखानावरून उठताना हात टेकावे लागू लागले, तर तोही इशाराच समजावा.

चालणे पुरेसे नाही का?

चालणे हृदयाला आणि साखरेला चांगले आहे, ते सोडू नये. नमाजच्या हालचालींनी सांधे मोकळे राहतात. पण या दोन्हींत भार रोज तेवढाच असतो. स्नायू आणि हाड वाढते ते सवयीपेक्षा जास्त ओझे पडल्यावर. हाड आपल्यावरील भारानुसार घडते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडला होता.

"आता या वयात काय होणार?" असे आम्ही नेहमी ऐकतो. अमेरिकेत बोस्टन येथे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८६ ते ९६ वर्षांच्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियातील 'लिफ्टमॉर' या २०१८ च्या अभ्यासात पाळी बंद झालेल्या, हाडे विरळ असलेल्या १०१ बायका होत्या. त्यांपैकी ज्यांनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजन उचलले, त्यांच्या कंबरेच्या मणक्याची घनता आठ महिन्यांत २.९ टक्क्यांनी वाढली. ज्यांनी घरी हलका व्यायाम केला त्यांची १.२ टक्क्यांनी घटली.

कसा करावा?

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवते. जिम लागतेच असे नाही.

• उठ-बस: भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे.
• भिंतीवर जोर: हात भिंतीवर ठेवून छाती पुढे-मागे नेणे.
• टाचा उचलणे: ओट्याला धरून चवड्यांवर उभे राहणे.
• बादली उचलणे: पाठ सरळ, गुडघे वाकवलेले, बादली अंगाजवळ. आधी पाव बादली, मग अर्धी.
• हात वर: एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या खांद्यापासून डोक्यावर नेणे. प्रत्येक बाटली साधारण एक किलोची होते.
• तोल: ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद.

पहिल्या पाच प्रकारांत ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. बारा वेळा सहज जमू लागल्या की वजन थोडे वाढवा. पिशवीत डाळीचे पुडे घातले तरी चालते. मध्ये एक दिवस आराम द्या. जोर लावताना श्वास सोडा, कोंडून धरू नका, त्याने रक्तदाब चढतो. रमजानमध्ये रोजा असेल तर व्यायाम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी आणि हलका ठेवावा.

पहिल्या काही आठवड्यांत उठणे-बसणे सोपे वाटू लागते. हाडांना मात्र महिने लागतात. सबर ठेवावा.

खाणे

व्यायाम असला तरी माल हवाच. वृद्धांसाठी रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने तज्ज्ञ सुचवतात. ६० किलोच्या माणसाला ही ६० ते ७२ ग्रॅम होतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. डाळ, हरभरे, दही, मासे, कोंबडी तिन्ही वेळच्या जेवणांत वाटून घ्यावीत. चहा-खारीवर सकाळ काढू नये. कॅल्शियम दूध, नाचणी, तीळ आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान सुक्या मासळीतून मिळते. पायाचा रस्सा चवीला लाजवाब, पण त्यात कॅल्शियम फार थोडे उतरते. अंग झाकलेले असणाऱ्या आणि घरातच राहणाऱ्या आपल्या बायकांना ऊन कमी मिळते, म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावे?

हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, आधी मोडलेला मणका किंवा खुबा, बरीच वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या, मधुमेहासाठी इन्सुलिन, किडनीचा आजार. यांपैकी काहीही असेल तर विचारूनच सुरुवात करा. किडनीच्या रुग्णांनी प्रथिनेही स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. हाडे ठिसूळ असतील तर कमरेतून पुढे वाकून किंवा पिळून वजन उचलू नये. छातीत दुखले, चक्कर आली, सांध्यात तीव्र कळ आली तर तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे आंबले, तर ते साहजिक आहे.

घरातल्या तरुणांना आमची एकच विनंती. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, खुर्ची भिंतीला लावा आणि अम्मी-अब्बांच्या शेजारी उभे राहून त्यांच्याबरोबर मोजा. पडतील म्हणून त्यांना बसवून ठेवण्यापेक्षा पडू नयेत म्हणून त्यांना उभे करणे, हीसुद्धा खिदमतच आहे.