म्हैस, गवत आणि पाखरे

गुरे शिरली की रान उजाड होते, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा पुरावा मागावा असे कुणाला सुचत नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत मात्र हा पुरावा मोजून पाहिला गेला.

ही जागा सुमारे २९ चौरस किलोमीटरची. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून हजारो पाखरे इथे उतरतात. आसपासच्या गावांच्या म्हशी इथेच चरत. १९८२ साली चराई बंद झाली. डॉ. सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाचेही मत बंदीच्या बाजूचे होते. गावकरी खवळले, चकमक झाली, पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली. एका अनुमानाची केवढी ही किंमत!

सुदैवाने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासूनच तिथे पाहणी सुरू केली होती. म्हणजे बंदीपूर्वीची नोंद हाताशी होती. डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षे काम चालले. निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. म्हशी हटल्यावर पॅस्पॅलम नावाचे गवत माजले आणि त्याने उघडे पाणी झाकून टाकले. मासे व पाणपक्षी यांची जागा आक्रसली. म्हशीच हे गवत आटोक्यात ठेवीत होत्या! ज्या संस्थेचा कल बंदीकडे होता, तिच्याच पाहणीने हे सांगितले, ही गोष्ट मोठी आहे.

पण थांबा. 'बंदीनंतर घटले, म्हणून बंदीमुळे घटले' एवढ्यावर शास्त्र समाधान मानीत नाही. पाऊस दरवर्षी सारखा नसतो. पाणी कमी आले तरी पाखरे रोडावतात. म्हणून मधला दुवा दाखवावा लागतो: म्हैस गवत खाते, गवत हटले की पाणी उघडे राहते, उघड्या पाण्यात बदके पोहतात. हा दुवा दिसला, म्हणून अनुमानाला बळ आले.

जिथे दुवा तुटतो, तिथे मात्र थांबले पाहिजे. सैबेरियाचे पांढरे क्रौंच २००२ नंतर भरतपूरला येईनासे झाले. त्याचा सगळा दोष गवतावर टाकता येईल काय? नाही. त्यांच्या लांबच्या वाटेवर, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूस, शिकार होत असे. तसेच भरतपूरची म्हैस निर्दोष ठरली, म्हणून डोंगरउतारावरची बेसुमार चराईही निर्दोष ठरत नाही. तिथली जमीन वेगळी, गवत वेगळे.

पुढे भरतपुरात गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

गुरुजींनी शाळेच्या आवारात जमिनीचे दोन सारखे तुकडे निवडावेत. एकाला कुंपण घालावे, दुसरा मोकळा ठेवावा. कुंपण घालण्याआधी दोन्हीकडचे गवत मुलांकडून मोजून घ्यावे. वर्षभर नोंद ठेवावी आणि मगच वाद घालावा.