पाण्याचे नगर आणि रचनेचा प्रश्न : रझा यांची १९४८ची काश्मीर-चित्रे

म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथील तिबेटी वसाहत १९६०-६१पासून उभी राहत गेली. ल्हासानजीक १४१९मध्ये स्थापन झालेला सेरा मठ १९७०मध्ये त्याच नावाने येथे पुन्हा नांदू लागला. हरवलेले स्थान दुसऱ्या भूमीवर कसे उभे राहते, या प्रश्नाचे एक उत्तर या समाजाच्या चित्रपरंपरेत आहे. थांका रंगवताना रंगाआधी मापाच्या रेषांचे जाळे आखले जाते. मंडलात देवतेचा चार द्वारांचा प्रासाद आराखड्याच्या रूपाने उलगडतो. पाहणाऱ्याचा डोळा, ऋतू, दिवसाचा प्रहर यांवर ही रचना अवलंबून नसते. म्हणूनच ती कोठेही पुन्हा आखता येते. आधुनिक चित्रकाराजवळ असा परंपरेने दिलेला आराखडा नसतो. समोरचे नगर पाहता पाहताच त्याला ते रचावे लागते. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या आरंभकाळात हा प्रश्न ज्या नगरासंदर्भात उपस्थित झाला, ते पाण्याचे नगर होते : श्रीनगर.

झेलमच्या काठाला भिडलेली घरे, नदीवरील जुने कदल म्हणजे पूल, नगरातून वाहणारे कालवे आणि नावांची वर्दळ यांमुळे श्रीनगरची तुलना व्हेनिसशी वारंवार केली गेली. चित्रकाराच्या दृष्टीने या तुलनेत एक अडचण दडलेली आहे. क्लोद मोने १९०८मध्ये व्हेनिसला गेले. तेथे आरंभलेल्या चित्रांपैकी २९ चित्रे १९१२मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाली. त्यांत प्रासाद आणि त्यांचे प्रतिबिंब एकाच प्रकाशात विरघळतात. पाण्याचे नगर चित्रकाराला विरघळण्याचा मोह घालते. दगडाचे वजन तेथे सहज हरवते.

सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांचे शिक्षण नागपूरच्या कलाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. १९४७मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक संस्थापक होते. त्यांची मुंबईच्या रस्त्यांची जलरंगचित्रे ओघवत्या, ओल्या रंगलेपनासाठी नावाजली गेली होती. १९४८मध्ये ते काश्मीरला गेले. तेथे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. रझा यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार, कार्तिए-ब्रेसाँ यांना चित्रांत प्रतिभा दिसली, पण रचना दिसली नाही. सेझानचा अभ्यास करावा, असे त्यांनी सुचवले. पाण्याच्या नगरात, ओघवत्या जलरंगांसमोर हा आक्षेप घेतला गेला, हे लक्षणीय आहे. मोने यांच्या व्हेनिसमध्ये वास्तू प्रकाशाच्या स्वाधीन होते. सेझानच्या निसर्गचित्रांत रंगच वास्तूला उभे करतो. रझा या दोहोंच्या मधोमध उभे होते.

हा प्रश्न केवळ तंत्राचा मानला, तर त्या वर्षाचा विसर पडतो. ऑक्टोबर १९४७मध्ये टोळीवाल्यांच्या हल्ल्यात झेलमकाठचेच बारामुल्ला उद्ध्वस्त झाले होते. रझा यांनी त्या नगराचे भग्नावस्थेतील चित्र १९४८मध्ये काढले. फाळणीत त्यांची भावंडे पाकिस्तानात गेली; ते स्वतः भारतात राहिले. अशा वेळी नगर धुक्यात विरघळवणे म्हणजे त्याच्या विध्वंसालाही रम्य करणे ठरले असते. मोडलेल्या भिंतीचे मोडलेपण दाखवण्यासाठी आधी भिंत उभी करता यावी लागते. या अर्थाने रचनेची मागणी बाहेरून आलेल्या सल्ल्याइतकीच विषयातूनही आली होती.

मराठी अभ्यासकाला येथे बा. सी. मर्ढेकर आठवणे स्वाभाविक आहे. ‘काही कविता’ हा त्यांचा संग्रह १९४७चा. पुढे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात एकत्र आलेल्या त्यांच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांना सर्व कलांच्या मुळाशी स्थान आहे. रझा आणि मर्ढेकर यांच्यात प्रत्यक्ष प्रभावाचे नाते कल्पिण्याचे कारण नाही. तरीही एकाच काळात चित्रकाराला आणि काव्यमीमांसकाला आशयाआधी संघटना शोधावीशी वाटावी, ही समांतरता अर्थपूर्ण आहे. मात्र लयतत्त्व नगराच्या रचनेचे विश्लेषण करू शकते. ते नगर का मोडले, हे सांगू शकत नाही. बारामुल्लाच्या चित्रासमोर रूपवादी समीक्षेची ही मर्यादा उघडी पडते.

रझा १९५०मध्ये फ्रान्सला गेले. ‘ओ द कान्य’ (१९५१) या चित्रात घरे परस्परांना घट्ट बिलगून, काटेकोर कडांनी उभी राहतात. तेथून त्यांच्या उत्तरकालीन बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो. बिंदू-चित्रांची मंडलाशी तुलना करणेही सोपे असते. परंतु त्यामुळे १९४८ची चित्रे केवळ पूर्वतयारी ठरतात. त्यांचे मोल त्यांच्या अनिश्चिततेत आहे : ओघ सुटलेला नाही आणि रचना अजून हाती आलेली नाही.

श्रीनगरचा ‘नाला मार’ हा जुना कालवा १९७०च्या दशकात बुजवून त्यावर रस्ता करण्यात आला. माप जपणारी परंपरा मठ दुसऱ्या भूमीवर पुन्हा उभारू शकते, याची साक्ष बैलकुप्पे देते. बुजलेला कालवा असा स्थलांतरित होत नाही. एका प्रहरी, एका डोळ्याने पाहिलेले पाण्याचे नगर पुन्हा आखता येत नाही. ते चित्रात उरते, आणि तेथेही अपुरेच उरते. त्या अपुरेपणाची प्रामाणिक नोंद हेच आरंभकालीन आधुनिकतेचे ऐतिहासिक मूल्य होय.