चाकावरचं घर आणि गोधडी

अमेरिकेत बरीच निवृत्त जोडपी आरव्ही म्हणजे चाकावरच्या घरात राहून देश फिरतात. हिवाळा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात काढायचा आणि फीनिक्सचा पारा ४३ अंशांवर चढू लागला की सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या फ्लॅगस्टाफसारख्या थंड गावी मुक्काम हलवायचा. अनेकींच्या गाडीत कापडाचे तुकडे, सुई-दोरा आणि अर्धी झालेली गोधडी असते. ही आजची हौस वाटेल, पण चाकावरच्या घराची आणि गोधडीची सोबत फार जुनी आहे.

१८४३ साली सुमारे १,००० माणसं बैलगाड्या घेऊन मिसुरीहून ऑरेगॉनला निघाली. वाट ३,२०० किलोमीटरची, प्रवास चार ते सहा महिन्यांचा. बैलांना गवत मिळावं म्हणून एप्रिल-मे महिन्यात निघायचं आणि बर्फ पडण्याआधी डोंगर ओलांडायचे, त्यामुळे अख्खा उन्हाळा रस्त्यावर जाई. कॅलिफोर्नियाच्या फाट्यावर तर ६४ किलोमीटर पिण्याचं पाणी नव्हतं. ऊन टाळायला तो टप्पा लोक रात्री चालून काढत.

निघायचा निर्णय बहुधा नवऱ्याचा असे. बाई मात्र आई, बहिणी, मैत्रिणींना कायमची दुरावे. म्हणून निघणारीला गोधडी देण्याची रीत होती. एकेका चौकोनावर एकेकीने न पुसणाऱ्या शाईने आपलं नाव लिहायचं. गाडीत गोधडीची मोठी चौकट मावत नसे, पण मुक्कामाला चार तुकडे मांडीवर घेऊन जोडता येत.

आता हिशोब बघा. गाडीत साधारण १,००० किलो सामान, त्यातलं बरंचसं पीठ-मीठ. बैल थकले की ओझं कमी करावंच लागे. मग लोखंडी चुली, पेट्या, कपाटं वाटेवर टाकली जात. गोधडी मात्र शक्यतो राहायची, कारण ती एकटी अनेक कामं करी. रात्री अंथरूण, वाऱ्यात पडदा, काचेच्या भांड्यांभोवती गुंडाळी. माळरानावर पेटीला लाकूड नसे, तेव्हा कॉलऱ्याने गेलेलं मूल आई तिच्यातच गुंडाळून मातीला देई. ती गोधडी परत मिळत नसे.

१९३३ साली सिंगरचं जेमतेम ५ किलोचं फेदरवेट शिलाई यंत्र आलं. ते आजही प्रवासात शिवणाऱ्यांच्या आवडीचं आहे. फरक एवढाच, की आजची बाई मनाने निघते आणि थंडावा शोधत हवं तेव्हा परत फिरते.

आपल्याकडेही आजीच्या लुगड्यांची गोधडी असते, पण कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. त्या नावांच्या गोधड्यांवरून आज कुटुंबांचा माग काढता येतो. तेव्हा आपल्याही गोधडीच्या मागे चार टाक्यांत नाव आणि साल घालून ठेवा.