आमदाराच्या शपथेची कुळकथा

विधानसभेच्या सदस्याला सभागृहात बसण्याआधी राज्यघटनेच्या अनुच्छेद 188 नुसार शपथ घ्यावी लागते. तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात दोन पर्याय आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. उमेदवारालाही निवडणुकीला उभे राहताना यांपैकी एक निवडावा लागतो. दोन्हींचे कायदेशीर वजन सारखेच. दुसरा पर्याय नास्तिकांसाठी काढला, असा सर्रास समज आहे. त्याचे मूळ मात्र भाविकांच्या मनात आहे.

देवाला साक्षी ठेवण्याची चाल मराठी मुलखात जुनी. बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडण्याची धास्ती मोठी असे. कंपनी सरकारच्या न्यायालयांत गंगाजलाची वा कुराणाची शपथ सक्तीची झाली, तेव्हा श्रद्धावान माणसेच अडखळली. या सक्तीमुळे लोकांची मने दुखावतात आणि न्यायाचे काम अडते, अशी कबुली 1840 च्या पाचव्या कायद्याच्या प्रस्तावनेतच आहे. त्या कायद्याने हिंदू-मुसलमान साक्षीदारांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक कथनाची मुभा दिली. इंग्लंडमध्ये ती क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी 1696 मध्येच मिळवली होती. शपथ वाहू नये, ही बायबलची आज्ञा ते अक्षरशः पाळत.

नास्तिकांचा लढा नंतरचा. चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या वादामुळे त्यांना जागेवर बसायला 1886 उजाडले. त्यांच्याच प्रयत्नाने 1888 चा शपथ कायदा झाला. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

भारतीय घटनेच्या मसुद्यातल्या शपथेत देवाचे नाव नव्हते. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत राष्ट्रपतींच्या शपथेवर चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी ते घालण्याचा आग्रह धरला. महावीर त्यागींच्या दुरुस्तीने दोन्ही पर्याय शेजारी आले आणि डॉ. आंबेडकरांनी ते मान्य केले. उद्देशिकेचा आरंभही ईश्वराच्या नावाने व्हावा, ही कामतांची सूचना मात्र 17 ऑक्टोबर 1949 रोजी 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. विरोधकांत धर्मनिष्ठ सभासदही होते. श्रद्धा कोणावर लादू नये, ही त्यांची भूमिका. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत 1976 मध्ये आला. शपथेतली मोकळीक त्याआधीची, आणि कामाला येणारी तीच.

उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात जैन समाज मोठा आहे. जैन दर्शन सृष्टीकर्ता ईश्वर मानत नाही, बौद्ध धम्मही मानत नाही. अशा धर्मनिष्ठ माणसाला दुसरा पर्याय स्वतःच्या श्रद्धेशी प्रामाणिक राहू देतो.

1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने शपथेत देशाच्या सार्वभौमत्वाची व एकात्मतेची ग्वाही आली आणि उमेदवारांनाही शपथ लागू झाली. निवड तशीच राहिली. कोणताच पर्याय न घेता सभागृहात बसणाऱ्याला अनुच्छेद 193 नुसार दररोज 500 रुपये दंड आहे.