कवटीत अक्कल शोधणारे आणि आपल्या अंगणवाडीतलं पोर

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडं पारावर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "त्याईचं काय घेऊन बसला बाप्पा, त्याईच्या रक्तातच डोकं हाय. आपल्या पोट्ट्यायचं काम नाही ते." बोलणारा माणूस बऱ्याचदा स्वतःच्याच पोराबद्दल बोलत असतो, हे जास्त वाईट.

अक्कल रक्तात असते, अमक्या जातीत जास्त आणि तमक्या जातीत कमी, हे खरं आहे का? उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या लोणारपासूनच सुरुवात करू.

लोणारचं सरोवर उल्केच्या आघातानं झालं, हे आपल्या जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगतं. पण कधी झालं? आधीच्या मोजणीत सुमारे ५० हजार वर्षं आली होती. नंतर वेगळ्या पद्धतीनं मोजलं, तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आली. आता ही गंमत बघा. आपल्या जातीच्या माणसाचे, म्हणजे होमो सेपियनचे, सगळ्यात जुने मानले जाणारे अवशेष आफ्रिकेत मोरोक्कोमध्ये सापडले आहेत. ते सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे दुसरी मोजणी बरोबर असेल, तर लोणारचा खड्डा पडला तेव्हा पृथ्वीवर 'आपण' नव्हतोच!

मग अक्कल नव्हती का? होती. नेवाशाला प्रवरेच्या काठी आणि जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्या लाखो वर्षांपूर्वीच्या, आपल्याही आधीच्या माणसांनी घडवलेल्या. आपल्या पायाखाली आहे तसाच काळा पाषाण. दोन्ही बाजूंनी छिलके काढून, टोक काढून, हातात बसेल असा केलेला. दगड फोडायच्या आधी आतली कुऱ्हाड डोक्यात दिसावी लागते. आणि हे काम एकट्यानं सुचत नाही, कुणाचं तरी बघून, बोटं ठेचून घेऊन शिकावं लागतं. म्हणजे बुद्धीच्या इतिहासात पहिल्यापासून शिकणारा आहे आणि शिकवणाराही आहे.

मेंदू वाढत गेला हे खरंच. ३०-४० लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांचा मेंदू ४०० ते ५०० घनसेंटिमीटरचा होता, आपला साधारण १,३५० चा आहे. इथंच विद्वान लोक फसले. त्यांना वाटलं, मेंदू मोठा तर अक्कल मोठी, मग घ्या टेप आणि मोजा कवट्या. पण निअँडरथल माणसाचा मेंदू आपल्याएवढा, काहींचा तर थोडा मोठाच होता. रशियन लेखक तुर्गेनेव्हचा मेंदू २ किलोच्या वर भरला, तर १९२१ चं नोबेल मिळवणाऱ्या फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्सचा जेमतेम १ किलो. दोघंही मोठे लेखक. आता करा तराजूवर न्याय!

तरीही एकोणिसाव्या शतकात युरोपात कवट्या मोजण्याचं पेवच फुटलं. हेतू सरळ होता. गोरा पुरुष सगळ्यात वर आहे हे आधीच ठरलेलं होतं, आकडे नंतर गोळा करायचे होते. हे वेड इंग्रजांबरोबर आपल्याकडंही आलं. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकं मोजायला घेतली. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत. आज हसू येतं, पण तेव्हा त्याला विज्ञान म्हणायचे.

आता या गोष्टीत एक मराठी बाई येते. इरावती कर्वे. 'युगान्त' लिहिणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. महर्षी कर्व्यांच्या या सूनबाई १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला शिकायला गेल्या. प्रत्यक्ष महर्षींचा त्याला विरोध होता, तरी गेल्या. तिथं त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठतेचा हा मोठा पुरस्कर्ता, पुढं नाझींनी ज्याचं शास्त्र डोक्यावर घेतलं तोच. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि ती त्यांच्या जादा तर्कबुद्धीची खूण आहे, असं त्याचं म्हणणं होतं. कर्वेबाईंनी ते मोजून दाखवायचं होतं.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपियनांच्या आणि बाहेरच्यांच्याही. निघालं काय? कवटी सगळ्यांचीच थोडी वाकडी असते आणि त्याचा वंशाशी काही संबंध लागत नाही. परका देश, डोक्यावर असा गुरू, आणि पदवी त्याच्याच हातात. आकडे थोडे इकडचे तिकडे केले असते तर काम सोपं झालं असतं. बाईंनी आकडे होते तसे ठेवले. त्यांच्या चरित्रकारांनी लिहिलंय की फिशरनं पदवी दिली, पण गुण कमी दिले. १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या. पुढं महाराष्ट्रात त्यांनीही जातीजातींतल्या लोकांची मापं घेतली, ती सवय सुटली नाही. पण त्या मापांवरून कुणाची अक्कल ठरवायची नाही, हे त्यांना बर्लिनमध्येच कळलेलं होतं.

दुसरं उदाहरण बाबासाहेबांचं. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी हीच नाकांची मापं हातात घेतली आणि रिस्लेंचा डाव उलटवला. तुमच्याच मापांप्रमाणं ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात, मग अस्पृश्यतेचं कारण वंश कसं? ज्या पट्टीनं हिणवलं, त्याच पट्टीनं उत्तर दिलं!

आता जनुकशास्त्र आलंय. त्याचा हिशोबही ऐका. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांचे बहुतेक पूर्वज सुमारे ६०-७० हजार वर्षांपूर्वी तिथून निघाले. तेव्हा भाषा होती, विस्तव होता, हत्यारं होती, बुद्धी पुरती घडलेली होती. आणि भारतात? २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासानुसार इथले गट सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत भरपूर मिसळत होते, आपापल्यातच लग्न करायची रीत त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे बुद्धी लाखो वर्षांची आणि जातीच्या भिंती कालपरवाच्या. भिंत बांधायच्या कितीतरी आधी घर बांधून झालं होतं.

याचा अर्थ सगळी माणसं अगदी सारखी असा नाही. एका आईच्या दोन लेकरांतही फरक असतो, आणि त्यात जन्मजात भागही असतो. पण तो फरक माणसामाणसांतला आहे. त्यावरून अख्ख्या जातीचा निकाल लावता येत नाही.

मग निकालात फरक का पडतो? त्याचं उत्तरही उत्क्रांतीतच आहे. माणसाचं बाळ अर्धवट मेंदू घेऊन जन्मतं. जन्माच्या वेळी त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असतो, बाकीची वाढ बाहेर आल्यावर होते. मोठ्या माणसाचा मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. पाच वर्षांच्या पोराचा मेंदू तर शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला ४० टक्क्यांहून जास्त वाटा एकटा खातो. आता सांगा, त्या वयात पोराच्या ताटात काय पडतं? त्याच्याशी कोण बोलतं? आईबाप वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला गेले, तर त्याच्या हातात पुस्तक कोण देतं?

निसर्गानं माणसाच्या पोराला मुद्दाम अर्धवट पाठवलं आणि बाकीचं काम आपल्यावर सोपवलं. हातकुऱ्हाड घडवणाऱ्यानं ते काम केलं होतं. आपण करतोय का?

आपण जिजाऊंच्या जिल्ह्यातले लोक. शिवबा घडवले, असं आपणच अभिमानानं म्हणतो. घडवले म्हणतो, नुसते जन्माला आले म्हणत नाही. मग स्वतःच्या पोराच्या वेळी रक्ताचं नाव काहून घ्यायचं?

तेव्हा पुढच्या वेळी पारावर ते वाक्य ऐकू आलं तर गप्प बसू नका. त्या माणसाला बर्लिनमधल्या त्या १४९ कवट्यांची गोष्ट सांगा. आणि जमलं तर गावातल्या अंगणवाडीत एक चक्कर मारा. तिथला आहार पोरांच्या ताटात नीट पडतोय का, ते बघा. गावाची अक्कल तिथं वाढतेय.